नक्कल कीं अभ्यास? – उतारवयांतील एक चित्रशिक्षण

तेहेतीस वर्षें मीं मास्तरकी केली. त्या अवधींत दुसऱ्याच्या वहींतून उतरून घेणाऱ्या किती मुलांना मीं बांकावर उभें केलें, त्याची मोजदाद नाहीं. नक्कल ही विद्येची चोरी होय, हें वाक्य मीं फळ्यावर इतक्या वेळां लिहिलें कीं, माझे जुने विद्यार्थी आजहि रस्त्यांत भेटले म्हणजे तें मला हंसत हंसत म्हणून दाखवितात. तोच मी गेल्या चैत्रापासून रोज दुपारीं दोन तास, एका परक्या देशांतील चित्रकारानें काढलेल्या एका परक्या माणसाच्या तैलचित्राची नक्कल करीत बसलों आहें. हें ऐकून त्यांस काय वाटेल तें वाटो; परंतु त्या नकलेंतून मला जें शिकावयास मिळालें, तें ह्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आल्यामुळें हा लेखनप्रपंच केला आहे.

प्रथम हा नाद मला कसा लागला तें सांगितलें पाहिजे. सेवानिवृत्तीनंतर स्नान, देवपूजा व वाचन आटोपलें तरी दिवसाचे तीन-चार तास उरत. आमचें कुटुंब एकत्र आहे. माझे वडील बंधु (त्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों), वहिनी, माझी पत्नी, मुलगे, सुना व नातवंडें मिळून तेरा माणसें वाईच्या जुन्या घरांत राहतों. अशा घरांत रिकामा म्हातारा हा सर्वांच्या पायांत येतो, ही गोष्ट मीं लवकरच ओळखली. धाकट्या नातीच्या रंगपेटीवर माझी करमणूक सुरू झाली. पण जलरंग माझ्या हातीं टिकेनात. पाणी भलतीकडेच वाहून जाई, आणि एकदां चुकलेली जागा कांहीं केल्या सुधारतां येत नसे. तेव्हां आमच्या आळींतील एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांनीं सुचविलें, "गुरुजी, तुम्ही तैलरंग घ्या. तो सावकाश वाळतो. चुकलें तर फडक्यानें पुसावें, वाळलें तर सुरीनें खरवडावें, नाहींतर त्यावरच पुन्हां काढावें. आपल्या वयाच्या माणसाला तोच रंग मानवतो."

सल्ला पटला. पण काढावें काय? तांब्या, फुलपात्र, दोन आंबे अशी कांहींतरी मांडणी माझ्या मनांत होती. ते म्हणाले, "आधीं एखाद्या मोठ्या चित्रकाराचें चित्र उतरून काढा." मी चपापलों. तेहेतीस वर्षांच्या माझ्या ब्रीदावरच हा घाला होता! त्यावर त्यांनीं माझी जी समजूत घातली तिचा सारांश असा.

युरोपांतील चित्रकार कित्येक शतकें असेच शिकत आले. पॅरिसचें लूव्र संग्रहालय १७९३ सालीं लोकांस खुलें झालें, त्या आरंभींच्या काळांत चित्रें उतरून घेणाऱ्या चित्रकारांसाठीं तेथें खास दिवस राखून ठेवीत. रूबेन्स हा स्वतः जगद्विख्यात झाल्यावरहि टिशनचीं चित्रें समोर ठेवून त्यांच्या प्रती करीत असे. व्हॅन गॉग १८८९-९० मध्यें सँ-रेमी येथील रुग्णालयांत असतांना मिलेच्या चित्रांच्या रंगहीन छापील प्रतींवरून तैलचित्रें काढीत असे, आणि त्या कामास तो भाषांतराची उपमा देई. आपल्याकडेहि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून पुढें बारा-तेरा वर्षें आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करविल्या. त्या कामावर कित्येक एतद्देशीय चित्रकारांचा हात तयार झाला. हें ऐकत असतां मला माझ्या पाठशाळेंतील लांकडी पेटी आठवली. तिच्यांतील प्रत्येक पोथी ही कोणीतरी कोणाच्या तरी पोथीवरून उतरलेली होती. ज्या विद्येचा मला अभिमान, तीच मुळीं नकलांवर जगली! मग माझा आक्षेप फार वेळ टिकला नाहीं.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त जर्मनींत असतो. दिवाळीस तो आला तेव्हां मीं त्याला एखाद्या वृद्ध माणसाचें चांगलें छापलेलें चित्र आणावयास सांगितलें होतें. त्यानें मॅनहाइम शहरांतील कुन्स्टहाले नांवाच्या संग्रहालयांतल्या एका चित्राची मोठी छापील प्रत आणली. ऑस्कर कोकोश्का या ऑस्ट्रियन चित्रकारानें १९१० सालीं काढलेलें, ऑग्यूस्त फोरेल या स्विस पंडिताचें तें चित्र.

घरांत तें कोणालाहि आवडलें नाहीं. पत्नी म्हणाली, "हें भिंतीवर लावूं नका हो, तिन्हीसांजेला भीति वाटते." मोठ्या सूनबाई अदबीनें म्हणाल्या, "मामंजी, रविवर्म्याचें एखादें घेतलें असतें तर दिवाणखान्यांत तरी लावतां आलें असतें." धाकटी नात मात्र बराच वेळ त्याच्यापुढें उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ह्या आजोबांना काय दुखतंय?" पुढें सहा महिने मीं त्या चित्राचा अभ्यास केला, परंतु तिच्या प्रश्नाहून अधिक नेमकें मला कांहीं सुचलेलें नाहीं.

सूनबाईंचा प्रश्न मीं शिक्षकांना विचारला. रविवर्म्याचें चित्र कां नको? त्यांचें उत्तर मला शिकवण्याच्या दृष्टीनें फार मार्मिक वाटलें. गुळगुळीत चित्रांत चित्रकार आपल्या हाताच्या सर्व खुणा पुसून टाकतो. नवशिक्याला त्यांतून शिकावयास कांहीं सांपडत नाहीं. कोकोश्काच्या ह्या काळांतील चित्रांत रंग अगदीं पातळ असतो. कुंचला कोठून कोठें गेला, कोठें थांबला, ओला रंग कुंचल्याच्या उलट्या टोंकानें कोठें खरवडला, हें सर्व उघड दिसतें. लेखनिकाची शाई कोठें संपली व बोरू पुन्हां कोठें बुडविला, हें जुन्या पोथींत जसें कळतें, तसेंच हें.

आतां त्या दोघां माणसांविषयीं थोडें सांगतों. फोरेल यांचा जन्म १८४८ चा. मनोविकारांचे ते मोठे वैद्य. झुरिक येथील बुर्घोल्त्स्ली या मनोरुग्णालयाचे ते १८७९ पासून १८९८ पर्यंत प्रमुख होते. मुंग्यांच्या शास्त्रांत तर त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. मद्यपानाविरुद्धहि त्यांनीं जन्मभर चळवळ केली. आपल्या देशाला त्यांचा इतका अभिमान कीं, १९७८ सालीं निघालेल्या एक हजार फ्रँकच्या स्विस नोटेवर त्यांचा चेहरा व पाठीमागच्या बाजूस मुंग्या छापलेल्या होत्या. चित्र काढलें गेलें तेव्हां ते एकसष्ट वर्षांचे होते आणि ईव्होर्न या गांवीं राहत होते.

कोकोश्काचा जन्म १८८६ चा. म्हणजे १९१० च्या जानेवारींत तो अवघा तेवीस वर्षांचा पोर होता. व्हिएन्नाचा प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञ आडोल्फ लोस यानें त्याला हें काम मिळवून दिलें. वृद्ध पंडित आपलें काम करीत बसत आणि हा तरुण त्यांना न्याहाळीत असे. चित्र पुरें झालें तें फोरेल यांच्या घरांत कोणासच पसंत पडलें नाहीं, व त्यांनीं तें घेतलें नाहीं. हें एखाद्या पक्षाघात झालेल्या माणसाचें चित्र दिसतें, असें पाहणारे म्हणत. पुढें १९१३ सालीं तें मॅनहाइमच्या संग्रहालयानें घेतलें. पण त्यापूर्वींच, १९१२ मध्यें, फोरेल यांना खरोखरच पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली!

कित्येकांनीं ह्यास भविष्यकथन म्हटलें. मला तसें वाटत नाहीं. त्या तरुणाला भविष्य दिसत नव्हतें. समोरचा माणूस दिसत होता. आपण ज्याला पाहणें म्हणतों तें बहुधा ओळखून सोडून देणें असतें. 'हे आपले काका', 'हा दूधवाला', एवढें कळलें कीं आपली नजर पुढें सरकते. कोकोश्काची नजर पुढें सरकली नाहीं, इतकेंच. पुढें १९५३ मध्यें त्यानें साल्त्सबुर्गच्या किल्ल्यांत तरुणांसाठीं एक शाळा काढली. तिला त्यानें 'पाहण्याची शाळा' असें नांव दिलें होतें. एका मास्तराला हें नांव आवडावें यांत नवल नाहीं.

या प्रकारच्या चित्रणास अभिव्यक्तिवाद म्हणतात. १९०५ सालीं ड्रेस्डेन येथें 'पूल' या अर्थाच्या नांवानें चार तरुणांनीं एक मंडळ स्थापिलें. १९११ मध्यें म्यूनिक येथें दुसरें निघालें. व्हिएन्नांत शीले व कोकोश्का हे आपापल्या वाटेनें चालले होते. वस्तु डोळ्याला दिसते तशी उतरविण्यापेक्षां, ती पाहतांना अंतःकरणांत जें उठतें तें रंगरेषांनीं प्रगट करावें, आणि त्यासाठीं प्रमाण मोडावें लागलें तरी मोडावें, हा त्यांचा सामान्य विचार. हिटलरच्या राजवटींत १९३७ सालीं अशा चित्रांचें, तीं भ्रष्ट आहेत असें दाखविण्यासाठीं, म्यूनिकमध्यें एक प्रदर्शनच भरविण्यांत आलें. त्यांत कोकोश्काचींहि चित्रें होतीं. त्यानें पुढल्या वर्षीं इंग्लंड गांठलें. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार नाझींच्या भयानें मुंबईस आला आणि टाइम्स ऑफ इंडियांत कलाविभागाचा प्रमुख झाला. रझा, आरा, हुसेन इत्यादि तरुणांस त्यानें व त्याच्यासारख्या निर्वासितांनीं पुष्कळ उत्तेजन दिलें. १९४७ सालीं मुंबईंत जें प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचें मंडळ निघालें, त्याचा पुढारी सूझा हा गोव्यांतील साळगांवचा. त्यानें काढलेले चेहरे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना कोकोश्काचें हें कुळ अगदींच परकें वाटणार नाहीं.

संस्कृत शिकलेल्या माणसाला येथें एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. शाळेंत आपण प्रमाण व सादृश्य एवढ्यांनाच गुण देतों. परंतु यादींत भाव आहे, आणि तो सादृश्याच्या आधीं सांगितलेला आहे. कोकोश्कानें लावण्य बाजूस सारलें, प्रमाण वांकविलें, आणि तें सर्व भावासाठीं खर्चीं घातलें. तें योग्य कीं अयोग्य हा वाद पंडितांनीं करावा. मला तें उतरून काढावयाचें होतें.

मूळ चित्र ७० सेंटिमीटर उंच व ५८ सेंटिमीटर रुंद आहे. मीं बरोबर निम्म्या मापाचा, म्हणजे ३५ बाय २९ सेंटिमीटरचा कॅनव्हास घेतला. छापील चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर सात ओळी व सहा रकाने आंखले. तशाच ओळी व रकाने कॅनव्हासवर कोळशानें हलकेच काढले. आणि एकेका घरांत काय आहे तेवढेंच पाहून बाह्यरेषा उतरविल्या. ही युक्ति जुनी व खात्रीची आहे. तिच्यांत एक गंमत अशी कीं, 'नाक', 'डोळा' हे शब्द विसरावे लागतात. त्या घरांत नाक नसतें. एक तिरकी रेघ व एक त्रिकोणी सावली असते.

मग पिवळ्या मातीचा रंग, ज्याला यलो ऑकर म्हणतात तो, व थोडा अंबर टर्पेंटाइनमध्यें पातळ करून सबंध कॅनव्हासवर चोळला. पांढऱ्या शुभ्र पृष्ठभागावर प्रत्येक रंग काळवंडलेला दिसतो. मातकट अस्तरावर त्याची खरी किंमत कळते. दुसऱ्या दिवशीं त्यावर अंबरनें मस्तक, दाढी, कोट व हात यांच्या सावल्या धरल्या. चेहऱ्यासाठीं ऑकर, बर्न्ट सिएना, किंचित् हिरवा व पांढरा एवढेच रंग पुरले. हिरवा रंग माणसाच्या कातडींत कसा, असें मलाहि वाटलें होतें; परंतु कानशिलाच्या पोकळींत त्याचा हात फिरतांच तेथील हाड दिसूं लागलें.

तैलरंगाचा एक धर्म आहे आणि तो मोडणाऱ्यास शासन होतेंच. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें हळूहळू घट्ट होतें. म्हणून खालच्या थरांत तेल कमी व वरच्या थरांत अधिक, हा नियम. वरचा थर आधीं वाळला आणि खालचा नंतर आक्रसला, तर वरच्यास तडे जातात. हें मला सांगितलेलें असूनहि मीं कोट रंगवितांना काळ्या रंगांत तेल सढळ हातानें ओतलें, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यावर टर्पेंटाइनमध्यें पातळ केलेला अंबर फिरविला. काळा रंग आधींच उशिरा वाळणारा, अंबर लवकर वाळणारा. महिन्याभरांत कोटावर आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या. त्या अजून आहेत. मीं त्या बुजविल्या नाहींत.

पहिली प्रत पुरी होण्यास दोन महिने लागले. आणि येथें माझी खरी चूक झाली.

मूळ चित्रांत फोरेल यांचे हात छातीपुढें एकमेकांत गुंतलेले आहेत. बोटें पिळवटल्यासारखीं, सांधे फुगलेले, अंगठा कोठें संपतो तें नीट कळत नाहीं. डोळेहि एकमेकांशीं जुळत नाहींत. मीं जन्मभर तांबड्या शाईनें दुसऱ्यांच्या चुका सुधारीत आलेला माणूस! चौकटींतून रेघा उतरवितांना माझा हात आपोआपच त्या सरळ करीत गेला. बोटें मोजून पांच-पांच केलीं, अंगठा जेथें असावा तेथें आणला, डोळे सारखे केले. चित्र वाळल्यावर ओसरीवर ठेवलें. सगळे म्हणाले, "आतां बरें दिसतं हो, माणसांत आलं." शिक्षक कांहीं बोलले नाहींत, चहा घेऊन गेले.

दादा तेथेंच आरामखुर्चींत बसले होते. त्यांच्याविषयीं आतां सांगितलें पाहिजे, कारण ह्या लेखाचें मूळ तेथें आहे. तीन वर्षांपूर्वीं दादांना अर्धांगवायूचा झटका आला. कोर्टांतील नोकरींत त्यांच्या अक्षराची ख्याति होती. त्यांनीं लिहिलेल्या नकला पक्षकार नुसत्या पाहण्यासाठीं हातांत घेत. त्यांचा उजवा हात गेला, वाचाहि अडखळूं लागली. वैद्यकीय उपचार झाले, चालणें बरेंचसें सुधारलें. हात मात्र तसाच राहिला. तेव्हांपासून ते तो उपरण्याखालीं झांकून बसत. सही करण्याची वेळ आली कीं डाव्या हाताचा अंगठा पुढें करीत आणि मान फिरवीत. डाव्या हातानें लिहिण्याची संवय करा, असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. पण एकदां पाटी पुढें केली तेव्हां त्यांनीं ती सारून दिली होती, आणि पुन्हां कोणी तो विषय काढला नव्हता. त्या हाताकडे पाहूं नये असा घरांत एक अलिखित नियमच झाला. आम्हीं ती दादांविषयींची मर्यादा समजत होतों.

त्या दिवशीं सर्वजण आंत गेल्यावर दादांनीं मला खूण केली. छापील चित्राकडे बघितलें, माझ्या प्रतीकडे बघितलें, आणि एकेक शब्द जुळवीत म्हणाले, "हात... तूं... सुधारलेस."

मी म्हणालों, "होय दादा. मूळचे फार वेडेवांकडे आहेत."

ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं डाव्या हातानें उपरणें बाजूस केलें, उजवा हात उचलला आणि माझ्या गुडघ्यावरच्या पाटावर आणून ठेवला. म्हणाले, "हा बघ. असा... असतो."

तीन वर्षें एका घरांत, एका पंक्तीला बसूनहि मीं तो हात पाहिला नव्हता. आतां पाहिला. अंगठा तळव्याकडे वळलेला. बोटें आंत गोळा झालेलीं, पण सारखीं नव्हेत, करंगळी थोडी सुटी. मनगट खालीं झुकलेलें. कातडी डाव्या हातापेक्षां मऊ व किंचित् सुजट, कारण तीन वर्षांत त्या हातानें कांहीं काम केलें नव्हतें. नखें वहिनींनीं व्यवस्थित कापलेलीं. मग मीं छापील चित्राकडे नजर वळविली आणि जीं स्थळें मीं चुका म्हणून सुधारलीं होतीं, तीं एकेक करून मला वाचतां येऊं लागलीं. ती वांकडी रेघ बोटाची नव्हती. बोट ज्या ताणानें आंत ओढलें जातें त्या ताणाची होती. फोरेल यांना तो झटका अजून यावयाचा होता. पण वृद्ध माणसाच्या हातांत त्याचें सर्व आयुष्य व त्याचा थकवा कसा येऊन बसतो, हें त्या तेवीस वर्षांच्या मुलानें पाहिलें होतें, आणि सहासष्ट वर्षांच्या मला तें सुधारावेंसें वाटलें होतें!

मीं दुसरा कॅनव्हास घेतला. ह्या वेळीं केवळ हातच काढले, मूळ मापाचे. रोज दुपारीं दादा माझ्याजवळ बसत आणि हात पाटावर ठेवीत. नक्कल मी कोकोश्काचीच करीत होतों, पण रेघेचा अर्थ दादांच्या हातांत पाहून येत होतों. काव्याचा श्लोक आणि त्यावरची टीका शेजारीं ठेवून वाचावी, तसा तो प्रकार होता. ओल्या रंगांत कुंचल्याच्या टोंकानें खरवडतांना प्रथम कॅनव्हास फाटला. मग जोर किती लावावा तें कळलें. ही दुसरी प्रत ओसरीवर ठेवली तेव्हां 'बरें दिसतें' असें कोणीहि म्हणालें नाहीं. वहिनी दारांतून बघून आंत गेल्या आणि थोड्या वेळानें परत येऊन पुन्हां पाहूं लागल्या.

बोलतां बोलतां मीं दादांना फोरेल यांची पुढील हकीकत सांगितली. उजवी बाजू लुळी पडल्यावर त्या पंडितानें डाव्या हातानें लिहावयाची संवय केली, आणि १९३१ सालीं मृत्यु येईपर्यंत आपलें काम चालू ठेवलें. दादांनीं विचारलें, "वय?" मीं सांगितलें, "झटका आला तेव्हां त्रेसष्ट-चौसष्ट." ते कांहीं बोलले नाहींत. आठवड्यानें त्यांनीं नातीकडून पाटी मागविली आणि डाव्या हातानें 'श्री' काढला. तो वांकडा होता. वेलांटी भलतीकडे गेली होती. मीं तो दुरुस्त केला नाहीं. आतां त्यांच्या दोन वह्या भरल्या आहेत, आणि गेल्या महिन्यांत निवृत्तिवेतनाच्या कागदावर त्यांनीं स्वतः सही केली. चित्रामुळें रोग बरा होतो असें मात्र कोणी समजूं नये. उजवा हात आहे तसाच आहे. डॉक्टरांनीं सांगितलेले व्यायाम चालूच आहेत. तो हात उपरण्याखालून बाहेर आला, एवढेंच झालें.

ज्या कोणास हा अभ्यास करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. रंग थोडे घ्यावे. पांढरा, ऑकर, बर्न्ट सिएना, अंबर, अल्ट्रामरीन निळा व एक हिरवा इतके पुरेत. पांढरा टायटॅनियमचा घ्यावा. शिशाचा विषारी असतो व मुलांच्या घरांत तो नसावा. टर्पेंटाइनचा वास उग्र असतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या व माजघरांत बसूं नये. जवसाच्या तेलाचीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल घट्ट होतांना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्यानें आपोआप पेट घेतल्याचीं उदाहरणें आहेत. तीं पाण्यांत भिजवावीं किंवा उघड्यावर पसरून वाळवावीं. चित्र वाळल्यावरहि व्हार्निश लावण्यास सहा महिने थांबावें. प्रत मूळ मापाची नसावी, तिच्या पाठीमागें 'अमक्याच्या चित्रावरून अभ्यासार्थ' असें स्पष्ट लिहावें, आणि ती विकूं नये. कोकोश्का १९८० सालीं वारला. त्याच्या कृतींवरील हक्क अद्याप चालू आहेत.

असो. नक्कल आणि अभ्यास यांत भेद काय, हें मला ह्या वयांत कळलें. जो उतरून घेतो आणि मूळ लपवितो, तो चोर खराच. पण जो मूळ समोर ठेवून, त्याचें नांव घेऊन, त्यांतील प्रत्येक वळण कां आलें असेल हें आपल्या हातानें विचारीत जातो, त्याला विद्यार्थी म्हणावें. ज्या मुलांना मीं बांकावर उभें केलें त्यांत दोन्ही प्रकारचीं मुलें असणार. कोणतें कोणत्या प्रकारचें हें ओळखण्यासाठीं मीं वहीबरोबर मुलाकडेहि पाहावयास हवें होतें. तें मीं केलें नाहीं. त्यांपैकीं कोणी हा लेख वाचीत असेल, तर त्यानें वाईस आल्यावर अवश्य आमच्या घरीं यावें. ओसरीवर दोन्ही प्रती शेजारीं शेजारीं टांगल्या आहेत, सुधारलेले हात आणि न सुधारलेले हात. खालीं आरामखुर्चींत दादा वही घेऊन बसलेले असतात. त्यांचें अक्षर पाहावयास मागितलें तर ते दाखवितात.